बोलणं शिकवणारे कसे शिकतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कान-नाक-घशाचे डॉक्टर आपल्याला ठाऊक असतात. मेंदूचे डॉक्टरही ऐकून माहीत असतात. पण पक्षाघातानंतर ज्याची भाषाच गेली, अशा माणसाला पुन्हा ‘पाणी’ म्हणायला शिकवणारा, पाच वर्षांच्या मुलाच्या ‘तावळ्या’चा ‘कावळा’ करणारा, अडखळत बोलणाऱ्या तरुणाला फोन उचलायचं धैर्य देणारा जो माणूस असतो, त्याच्याकडे गरज पडेपर्यंत आपलं लक्ष जात नाही. त्याला आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो. तो जे शास्त्र शिकून येतो त्याला वाचा-भाषा विकारशास्त्र असं भारदस्त नाव आहे. आज मला बोलायचं आहे ते या माणसाच्या शिक्षणाविषयी. मी त्या क्षेत्रातला नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे म्हणा, किंवा घरातल्या आजारपणामुळे म्हणा, या मंडळींचं शिक्षण मला जवळून पाहायला मिळालं, आणि त्यात एक पेच दिसला तो आपल्यापुढे ठेवावासा वाटतो.

आपल्याकडे हे शिक्षण तसं अलीकडचं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ सालची. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. हे अली यावर जंग म्हणजे सत्तरच्या दशकातले महाराष्ट्राचे राज्यपाल. पुढे १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि अशा अभ्यासक्रमांना एक चौकट मिळाली. बारावीनंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि त्यानंतर ज्याला खोलात जायचं आहे त्याच्यासाठी दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वाट्याला काय काय येतं? स्वरयंत्राची आणि मेंदूची रचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाविज्ञान, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, शोधनिबंध. आणि त्याच दिवशी, त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खुर्चीत बसलेला जिवंत माणूस.

पेच इथेच आहे. विद्यार्थी म्हणतो, उद्या परीक्षा आहे आणि आज मला तीन रुग्ण दिले आहेत, मी वाचू कधी? रुग्णाचा मुलगा म्हणतो, ही पोरगी अजून शिकते आहे, माझ्या बापावर कशाला शिकते? दोघंही बरोबर आहेत. पोहायला पाण्यातच उतरून शिकावं लागतं हे खरं, पण इथे पाणी म्हणजे कुणाचा तरी बाप असतो.

ज्या देशांनी याचा फार आधीपासून विचार केला, त्यांनी यावर तासांचा हिशेब हे उत्तर काढलं. अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९२५ पासून आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेतल्याशिवाय थेरपिस्ट म्हणून उभंच राहता येत नाही. संघटनेचं प्रमाणपत्र हवं असेल तर विद्यार्थ्याचे ४०० तास भरावे लागतात. त्यातले २५ तास नुसते बसून पाहण्याचे, उरलेले ३७५ प्रत्यक्ष रुग्णासोबतचे. या ३७५ पैकी ७५ तासांपर्यंत संगणकावरचा किंवा बनवलेला रुग्णही चालतो. विद्यार्थी रुग्णाबरोबर असतो त्या वेळेपैकी किमान चौथा हिस्सा अनुभवी थेरपिस्टची नजर त्याच्यावर असली पाहिजे. पदवी मिळाल्यावर आणखी किमान ३६ आठवडे, १२६० तास, कुणाच्या तरी देखरेखीखाली नोकरी. एवढं झालं की मग तो सुटा.

हिशेब चोख आहे आणि तो हवाच. पण तास मोजून काय कळतं? आमच्याकडे तालमीत रोज दोन तास जाणारे पुष्कळ होते. पैलवान त्यातले दोन-तीनच झाले. मला वाटतं, मोजायला अवघड अशी एक गोष्ट या सगळ्यात निर्णायक आहे. विद्यार्थ्याच्या मागे एक खुर्ची असते, त्या खुर्चीत बसलेलं माणूस मधेच एक प्रश्न विचारतं, “हे तू का केलंस?” वर्गातलं पुस्तक आणि समोरचा रुग्ण यांची गाठ त्या प्रश्नात पडते. दुसरीकडे कुठे पडताना मी तरी पाहिली नाही.

उदाहरण घरचंच देतो. माझे थोरले भाऊ एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं बरंचसं समजायचं, पण उत्तर देता यायचं नाही. पुण्यात मुलीकडे असताना आम्ही त्यांना एका संस्थेच्या दवाखान्यात नेऊ लागलो, जिथे पदव्युत्तर विद्यार्थी उपचार करतात. आमच्या वाट्याला एक हसरी, चुणचुणीत मुलगी आली. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने बोटं दाखवत ‘एक, दोन’ अशी सुरुवात करून दिली आणि भाऊ दहापर्यंत धडाधड म्हणत गेले. मुलगी आनंदली. आम्हीही. तिने उत्साहाने विचारलं, “काका, तुमची गाडी कुठली?” आणि पहिलं नाव ‘सांगली’ स्वतःच म्हणून दिलं. भाऊ सुरू झाले, “अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर!” माझ्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागच्या खुर्चीतल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “छान. आता त्यांना नुसतं ‘तीन’ म्हणायला सांग.”

भावांना ‘तीन’ म्हणता येईना. ओठ हलले, घाम फुटला, पण शब्द निघाला नाही. मग ते पुन्हा ‘एक’पासून सुरू करून तिथपर्यंत आले, आणि थांबायचं कळेना म्हणून थेट दहावर पोचले.

“आता सांग मला,” मॅडम त्या मुलीला म्हणाल्या, “हे ते बोलले की त्यांच्याकडून बोललं गेलं?”

हा फरक पुस्तकात आहे. एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने तो नोंदवून ठेवला. आकडे, वार, प्रार्थना, पाठ गाणी, शिव्या हे आपोआप वाहणारं बोलणं, आणि मनातली एखादी गोष्ट जुळवून मांडणं हे वेगळं बोलणं. पहिलं शाबूत राहून दुसरं जाऊ शकतं. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रुग्णामुळे भाषेची मेंदूतली जागा दाखवली, त्याच्या तोंडी ‘टॅन’ हा एकच उच्चार उरला होता, आणि संतापला की एक शपथवजा शिवी. आम्हा कवींच्या गोतावळ्यातलं उदाहरण बोदलेअरचं. १८६६ मध्ये त्याला झटका आला. फ्रेंच भाषेचा तो एवढा मोठा कवी, पण देवाच्या नावाने घातलेली एक अर्धवट शिवी तेवढी त्याच्या जिभेवर राहिली. ज्यांच्या रुग्णालयात तो होता त्या जोगिणी ती ऐकून हादरून गेल्या. तो मुद्दाम शिवी देत नव्हता. त्याच्याकडे तेवढंच शिल्लक होतं.

त्या मुलीने हे सगळं वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण समोर म्हातारा माणूस घडाघडा बोलतो आहे, बायको रडते आहे, अशा वेळी वाचलेलं आठवणं ही निराळी गोष्ट आहे. आणि नुसतं आठवूनही भागत नाही. हे आपोआपचं बोलणं आहे एवढं ओळखून ती थांबली असती तर भावांना काय मिळालं असतं? पुढची पायरी अशी की ते जे वाहतं आहे, त्यालाच धरून बोलण्याचं दार उघडता येईल का. बोस्टनच्या काही तज्ज्ञांनी १९७३ मध्ये चाल लावून बोलण्याची एक उपचारपद्धती मांडली. छोटी वाक्यं दोन सुरांत गायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग गाणं हळूहळू कमी करत बोलण्यावर यायचं. मुलीने तसं सुरू केलं. पण पुस्तकातले सूर इंग्रजी वाक्याच्या हेलकाव्यावर बेतलेले. आपलं वाक्य तसं हेलकावत नाही. पुन्हा मागून प्रश्न आला, “ही चाल कुणाची?” मग त्या दोघींनी भावांचीच चाल घेतली. गाडी थांब्यावर आली की कंडक्टर जी लांबवून हाक देतो, ती. त्या हाकेवर ‘चहा दे’ बसवलं. किती आठवडे लागले ते सांगत नाही, पण एके दिवशी भाऊ डावा हात मांडीवर मारत म्हणाले, “चा दे.” आम्ही घरी दखनी बोलतो, आमच्याकडे ‘चहा’ नसतो, ‘चा’ असतो.

इथे आपल्याकडच्या शिक्षणाची खास अडचण समोर येते. पाश्चात्त्य देशांत ती इतकी टोचत नसावी. आपला विद्यार्थी शिकतो इंग्रजीतून. आवाजांचे तक्ते, मुलांच्या उच्चारांच्या चाचण्या, वाक्यरचनेची उदाहरणं बहुतेक इंग्रजी पुस्तकांतली. आणि दुपारी समोर येतो तो मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा दखनी बोलणारा. इंग्रजीत ‘ळ’ नाही. ‘त’ आणि ‘ट’ वेगळे नाहीत. ‘क’ आणि ‘ख’ बदलल्याने तिथे शब्दाचा अर्थ बदलत नाही, आपल्याकडे ‘कार’ची ‘खार’ होते. आपला ‘च’ लिहायला एक, पण ‘चिमणी’तला निराळा आणि ‘चमचा’तला निराळा. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’, हे दोन शब्द मराठी माणूस न शिकवता वेगळे उच्चारतो. उच्चार तपासणाऱ्याला हे कानाने कळायला हवं आणि नियम म्हणून सांगताही यायला हवं.

व्याकरणाचंही तेच. मेंदूला इजा झालेला इंग्रजी माणूस बऱ्याचदा शब्दाचे प्रत्यय गाळतो. मराठीत प्रत्यय गाळून कसं चालेल? ‘घोड्याला’ मधून ‘ला’ काढलं तर ‘घोड्या’ उरतं, तो काही बोलण्यात एकटा वावरणारा शब्द नव्हे. अशा भाषांत रुग्ण प्रत्यय गाळण्यापेक्षा चुकीचा लावतो, ‘ती जातो’ म्हणतो, असं अनेक भाषांच्या तुलनेतून दिसून आलेलं आहे. विद्यार्थ्याने फक्त गाळलेले प्रत्यय मोजले तर माणूस आहे त्यापेक्षा बरा ठरेल.

उलटही घडतं, आणि ते मला जास्त चिंतेचं वाटतं. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘आहे’ला ‘हाय’ म्हणणारं मूल आजारी नाही. ते आपल्या आईची भाषा बोलतं. आमच्या दखनीत उर्दूतल्या ‘क़लम’चा ‘खलम’ होतो. लखनौकडच्या उर्दूची फूटपट्टी लावली तर आमचं अख्खं मोहल्लं उपचाराला बसवावं लागेल. बोलीतला फरक कुठला आणि विकार कुठला, हे ओळखणं या शास्त्राच्या अगदी पायाशी आहे. त्यासाठी भाषाविज्ञानाचा तास लागतो आणि वस्तीत फिरलेला कानही लागतो. एकाच्या जोरावर दुसऱ्याला सुट्टी देता येत नाही.

आता अनुभवाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं थोडं ऐकू. ‘पुस्तकं काय सांगतात, वीस वर्षं पेशंट बघतोय’ असं म्हणणारे प्रत्येक धंद्यात असतात. मूल बोबडं बोलतं म्हणून त्याला शिट्टी फुंकायला लावणं, फुगे फुगवायला लावणं, जिभेचे व्यायाम देणं हे जगभर वर्षानुवर्षं चालत आलं. आपल्याकडे त्याआधी मध आणि वेखंड होतंच. पण बोलायला जिभेची ताकद फार थोडी लागते. लागतो तो नेमकेपणा, आणि तो बोलूनच येतो. शिट्टी फुंकणारं मूल शिट्टी फुंकण्यात तरबेज होतं, ‘क’ म्हणण्यात नाही. अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही, असं संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं, तरी शिट्ट्या काही दवाखान्यांतून गेलेल्या नाहीत. नुसता अनुभव म्हणजे पुष्कळदा तीच चूक वीस वर्षं नीट करत राहणं.

एका ठिकाणी तर ‘करत करत शीक’ हे म्हणताच येत नाही. ते ठिकाण म्हणजे गिळणं. पुष्कळांना माहीत नसतं, पण पक्षाघातानंतर रुग्णाला तोंडाने अन्न द्यायचं की नाही, पातळ द्यायचं की दाट, हे ठरवण्यात स्पीच थेरपिस्टचा मोठा वाटा असतो. अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी-शेजारी. घास वाट चुकून छातीत गेला तर न्यूमोनिया, कधी मृत्यू. आपण समजतो की घास चुकला की ठसका लागेल आणि कळेल. पण मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना ठसका लागतच नाही. पाणी छातीत उतरत असतं आणि माणूस शांत. हे ज्याला शिकवलेलं नाही, तो चमचाभर पाणी देऊन ‘ठसका नाही, म्हणजे उत्तम’ असं लिहून मोकळा होईल. बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली त्याचा प्रवास बघायचं तंत्र अमेरिकेतल्या जेरी लॉजमन यांनी रूढ केलं, तेव्हा कुठे ही मूक चूक डोळ्यांना दिसू लागली. म्हणून मला वाटतं, सिद्धांत आणि प्रात्यक्षिक यांचं एकच ठरलेलं प्रमाण नाही. लहान मुलाबरोबर खेळत उच्चार शिकवायला विद्यार्थी पहिल्या महिन्यात बसला तरी फारसं बिघडत नाही. गिळण्याच्या रुग्णाजवळ मात्र पुस्तक पक्कं झाल्याशिवाय चमचा हातात देऊ नये.

आणि पुस्तक पक्कं असूनही काय होऊ शकतं, त्याची गोष्ट आयोवा विद्यापीठातली आहे. तिथे वेंडेल जॉन्सन नावाचे मोठे प्राध्यापक होते. ते स्वतः लहानपणापासून अडखळत बोलत. मूल अडखळतं ते मोठ्यांनी ‘तू अडखळतोस’ असं त्याच्या माथी मारल्यामुळे, अशी त्यांची धारणा बनत गेली. १९३९ मध्ये त्यांनी मेरी ट्यूडर या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीला प्रबंधासाठी डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात पाठवलं. २२ मुलं निवडली. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना काही महिने सांगितलं गेलं की तुमचं बोलणं अडखळतं आहे, चुकलात की थांबा, नीट येत नसेल तर बोलू नका. खरं काय ते ना मुलांना माहीत होतं, ना आश्रमातल्या शिक्षिकांना. ती मुलं पुढे कायमची अडखळू लागली असं काही सिद्ध झालं नाही. पण ती बोलायला बिचकू लागली, गप्प होऊ लागली. ट्यूडरबाई प्रयोग संपल्यावरही आश्रमात परत गेल्या, तुम्ही चांगलं बोलता असं त्या मुलांना सांगू लागल्या. झालेलं तेवढ्याने भरून निघालं नाही. प्रबंध मंजूर होऊन ग्रंथालयात पडून राहिला. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने दाव्यात ९ लाख २५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती, काही वारली होती.

त्या विद्यार्थिनीकडे सिद्धांत होता, रुग्ण म्हणून मुलं होती, मार्गदर्शकही नामांकित होता. पण मागच्या खुर्चीतून ‘हे का करतेस?’ असं विचारायचं ज्याने, त्यानेच तिला पाठवलं होतं. विचारणारा कुणी उरला नाही. आज संशोधनाला नीती-समित्या आहेत, संमतिपत्रं आहेत. तरी रोजच्या उपचारात हा प्रश्न विचारायला अनुभवी माणूस मोकळा असावा लागतो. एका मार्गदर्शकाकडे एका वेळी चार खोल्यांतले चार विद्यार्थी असतील, तर खुर्ची आहे पण ती रिकामी आहे. कागदावर तास भरतात.

आपण रुग्णाचे नातेवाईक यात काही करू शकतो का? थोडं करू शकतो. विद्यार्थ्याच्या हाती आपलं माणूस द्यायला घाबरू नये, पण मार्गदर्शक कोण आणि ते किती दिवसांनी स्वतः पाहतील, हे पहिल्याच भेटीत विचारावं. त्यात अपमान कुणाचाच नाही. सत्र संपलं की विद्यार्थी बदलतो. तेव्हा जुन्याने नव्याला आपल्यासमोर माहिती द्यावी असा आग्रह धरावा, नाहीतर नवा विद्यार्थी पुन्हा ‘एक-दोन-तीन’पासून सुरुवात करतो. घरी घडलेलं बारीकसारीक वहीत तारखेसह टिपून न्यावं, शिवी दिली असेल तर तीही. आणि आपल्या घरची बोली सांगायला लाजू नये. प्रमाण मराठीत ‘आम्ही शुद्धच बोलतो’ असं सांगणारे नातेवाईक मी त्या बाकावर पुष्कळ पाहिले. विद्यार्थी बिचारा मग पुस्तकातला ‘चहा’ घेऊन बसतो. रुग्ण आयुष्यभर कशाला काय म्हणत आला, नातवाला काय हाक मारायचा, भाकरीला काय म्हणायचा, गुरांना कसं हाकायचा, अशा वीस-पंचवीस शब्दांची यादी करून पहिल्या दिवशीच त्या मुलीच्या हातात द्यावी.